थंडर जिंकेल, पण तुम्ही सांगता त्या कारणानं नाही

शुक्रवारी, ६ जून २०२५ ला, आपल्याकडच्या सकाळी ६ वाजता एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा पहिला सामना सुरू होईल. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो विजेता. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही वेळ अडचणीची वाटत असेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात तोवर जनावरांचं चारापाणी उरकलेलं असतं आणि स्टँडवरच्या हॉटेलात चहाची दुसरी किटली चढलेली असते. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं इथली पोरं मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून हे सामने बघतात, आणि बघून झाल्यावर भांडतात. भांडणाला माझी हरकत नाही. या आठवड्यात जे चाललंय त्याची मात्र आहे. एक गट म्हणतो, "अडुसष्ट मॅचा जिंकल्या ना बे त्यायनं, मंग काहून डोकं लावतं?" दुसरा म्हणतो, पेसर्सचं नुसतं नशीब आहे, ते आता संपेल. तिसऱ्या गटाला सामन्यातच रस नाही: लॉस एंजेलिसचे लेकर्स नाही, न्यूयॉर्कचे निक्स नाही, मग पाहाचं काय? तिन्ही गटांचे आवाज मोठे आहेत, आणि तिघांपैकी एकानंही या दोन संघांचा खेळ कशावर उभा आहे ते बघितलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थंडर जिंकेल. पण चार-पाच सामन्यांत आटोपणार नाही; सहा, बहुधा सात लागतील. आणि थंडर जिंकला तर तो अडुसष्ट विजयांमुळे किंवा त्यांचा शाय गिलजस-अलेक्झांडर यंदाचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) आहे म्हणून जिंकणार नाही. पेसर्सच्या हातून चेंडू काढून घेऊ शकेल असा बचाव आज लीगमध्ये एकाच संघाकडे आहे, म्हणून जिंकेल. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

पहिल्या गटाचं म्हणणं हलकं नाही, हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. थंडरनं ८२ पैकी ६८ सामने जिंकले. नुसते जिंकले नाहीत, सरासरी जवळजवळ तेरा गुणांच्या फरकानं जिंकले. एनबीएच्या इतिहासात एका हंगामात एवढा सरासरी फरक कुठल्याच संघाला राखता आलेला नव्हता. आधीचा विक्रम १९७१-७२ च्या लेकर्सचा होता. ते लेकर्स विजेते झाले. साधारण तेवढ्याच फरकानं जिंकणारे १९७०-७१ चे बक्स आणि १९९५-९६ चे बुल्स, तेही विजेते झाले. पेसर्स ज्या पूर्व विभागातून आलेत, त्या विभागाविरुद्ध थंडरनं ३० पैकी २९ सामने जिंकले. खुद्द पेसर्सला दोनदा हरवलं. डिसेंबरमध्ये इंडियानापोलिसला जाऊन गिलजस-अलेक्झांडरनं ४५ गुण केले. पैज लावायची झाली तर शहाणा माणूस थंडरवरच लावेल, आणि मीही त्याच बाजूला उभा आहे.

पण "संघ चांगला आहे" आणि "मालिका एकतर्फी होईल" ही दोन वेगळी विधानं आहेत. १९९६ च्या बुल्सनी ७२ सामने जिंकले होते, अंतिम मालिकेत पहिले तिन्ही सामने घेतले होते, तरी सिएटलनं त्यांना सहाव्या सामन्यापर्यंत नेलंच. (तेच सिएटल २००८ मध्ये बिऱ्हाड हलवून ओक्लाहोमाला आलं आणि थंडर झालं, त्या शहरानं ते अजून माफ केलेलं नाही.) आणि २०१६ चे वॉरियर्स? त्र्याहत्तर विजय, मालिकेत ३-१ अशी आघाडी, आणि चषक गेला क्लीव्हलंडला. हंगामाचा आकडा सांगतो की एकोणतीस वेगवेगळ्या संघांसमोर तुम्ही सरासरी कसे खेळलात. एकाच संघासमोर, तोही दोन-दोन दिवस बसून तुमचा अभ्यास करणारा, सात वेळा कसे खेळाल हा प्रश्न त्या आकड्याला कुणी विचारलेलाच नसतो.

शिवाय पेसर्सचा हंगाम दोन तुकड्यांत बघायला हवा. पहिल्या पंचवीस सामन्यांत ते १० जिंकले, १५ हरले. जखमी खेळाडू, विस्कटलेला बचाव. १ जानेवारीनंतर मात्र ३४ जिंकले, १४ हरले. रोहिणीत एक सर पडली की सरकी टोबून मोकळा होणारा कास्तकार दुबार पेरणीच्या वेळी आभाळाला दोष देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पेसर्स बघून ज्यांनी मत बांधून टाकलं त्यांचं तसंच झालंय. मार्चमधला सामना थंडरनं २१ गुणांनी जिंकला हेही खरं, तो माझ्या बाजूचा पुरावा नाही. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, आतापर्यंत दोन्ही संघांचा हिशोब सारखाच आहे: १२ विजय, ४ पराभव. त्यातले पेसर्सनं प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे आठपैकी सहा सामने जिंकले. क्लीव्हलंडनं हंगामात ६४ विजय मिळवले होते, आणि त्यांच्या मैदानावर पेसर्स तीनदा गेले, तिन्ही वेळा जिंकून आले.

इथे दुसरा गट उसळतो. नशीब! मिलवॉकीविरुद्ध पाचव्या सामन्यात जादा वेळेतली शेवटची ३५ सेकंदं उरली असताना पेसर्स सात गुणांनी मागे होते, जिंकले. क्लीव्हलंडविरुद्ध दुसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटात सात गुणांनी मागे, पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टननं स्वतःचाच चुकलेला फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका) उचलून, मागे सरकून थ्री (तीन गुणांचा लांबचा फटका) मारला, जिंकले. न्यूयॉर्कविरुद्ध पहिल्या सामन्यात पावणेतीन मिनिटं उरली असताना चौदा गुणांनी मागे, जिंकले. तिथे हॅलिबर्टनचा नियमित वेळेतला शेवटचा फटका रिंगच्या मागच्या कडेवर आपटून फळीच्याही वर उडाला आणि सरळ जाळीत उतरला. त्याला नशीब नाही तर काय म्हणायचं? तो एक उसळलेला चेंडू, मान्य. क्लीव्हलंडचे तीन महत्त्वाचे खेळाडू त्या दुसऱ्या सामन्यात जखमी होते, हेही मान्य. मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड मालिकेच्या मध्यातच टाचेची दुखापत होऊन गेला, तेही मान्य. मग थंडरच्या नशिबाचं काय करायचं? मेम्फिसविरुद्ध तिसऱ्या सामन्यात ते २९ गुणांनी मागे होते. मेम्फिसचा जा मोरंट जखमी होऊन बाहेर गेला आणि सामना फिरला. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्यांचा अ‍ॅरन गॉर्डन मांडीच्या दुखापतीसह लंगडत खेळला. प्लेऑफमध्ये शेवटपर्यंत पोचलेल्या प्रत्येक संघाच्या मागे दुसऱ्याच्या दुखापती असतातच. फक्त एकाच्या खात्यावर त्या मांडायच्या आणि दुसऱ्याच्या खात्यावर "वर्चस्व" लिहायचं, हा कुठला हिशोब?

२२ मेची सकाळ मला आठवते. न्यूयॉर्कचा तोच सामना. चौदा गुणांची पिछाडी दिसली तशी अर्धी मंडळी उठली. कुणाला शेणखताची ट्रॉली बघायची होती, कुणाला बियाण्याच्या पिशव्यांसाठी कृषी केंद्रापुढे नंबर लावायचा होता. जे बसले त्यांनी एरन नेस्मिथला चौथ्या क्वार्टरमध्ये सहा थ्री मारताना पाहिलं. मी मात्र त्या पावणेतीन मिनिटांत न्यूयॉर्ककडे बघत होतो. त्यांचे पाय जड झाले होते. अडतीस-चाळीस मिनिटं पेसर्सनं त्यांना धावायला लावलं होतं. बास्केट झाल्यावर रांगत येऊन चेंडू घ्यायचा नाही, उचलायचा आणि पळायचं. दहा-अकरा खेळाडू आलटून-पालटून मैदानात. बदली आलेला टी. जे. मॅककॉनेल चेंडू आत टाकणाऱ्याच्याच अंगावर धावतोय. अशा संघासमोर शेवटी फ्री थ्रो चुकतात, पास उशिरा सुटतो, हात खाली राहतात. न्यूयॉर्कनं तिथे मोक्याचे फ्री थ्रो चुकवले. मिलवॉकीच्या हातून शेवटच्या क्षणी चेंडू निसटून बाहेर गेला. एकदा झालं तर योगायोग म्हणू. तीन वेगवेगळ्या संघांच्या बाबतीत, तीन वेगवेगळ्या मालिकांत, त्याच घटकेला झालं तर त्यामागे कुणाचा तरी हात आहे असं का म्हणू नये?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. थंडरचा खेळ दुसऱ्याच्या चुकीवर चालतो. प्रतिस्पर्ध्याला सर्वात जास्त टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं) करायला लावणारा संघ तोच, आणि स्वतः सर्वात कमी करणाराही तोच. म्हणजे रोज समोरच्यापेक्षा पाच-सहा वेळा जास्त चेंडू हातात येतो, आणि तोही समोरचे पाच जण उलट दिशेला तोंड करून उभे असताना. लू डॉर्ट, अ‍ॅलेक्स करूसो, केसन वॉलेस, जेलन विल्यम्स हे चौघे चेंडूवर असे तुटून पडतात की चेंडू खेळवणाऱ्या गार्डला समोरचा मोकळा साथीदार दिसेपर्यंत तो मोकळा राहिलेला नसतो. चुकून आत शिरलातच, तर तिथे चेट होमग्रेन आणि आयझाया हार्टेनस्टाइन हे दोन उंच पहारेकरी. थंडरच्या त्या तेरा गुणांच्या फरकातला मोठा वाटा या हिसकावलेल्या चेंडूंचा आहे.

आणि पेसर्स? चेंडू न गमावणाऱ्या पहिल्या काही संघांतले. हॅलिबर्टननं हंगामात सामन्यामागे नऊहून जास्त असिस्ट (ज्यातून साथीदाराचा बास्केट होतो ते पास) दिले, आणि चेंडू गमावला सरासरी दोनदाही नाही. न्यूयॉर्कविरुद्ध चौथ्या सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि टर्नओव्हर शून्य. प्लेऑफच्या इतिहासात अशी ओळ आधी कुणाच्या नावावर नव्हती. थंडरला रोजची भाकरी जिथून मिळते ते कोठारच या संघानं कुलूपबंद ठेवलंय. मालिका लांबणार असं मी म्हणतो ते यामुळे.

आमच्या इथल्या पोरांना हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. शाळेमागचं आमचं कोर्ट मुरमाचं आहे. पावसाळ्यात त्यावर चर पडतात, उन्हाळ्यात खडा वर येतो. ड्रिबल करायला गेलं की चेंडू खड्यावर लागून गुडघ्याऐवजी कानाकडे येतो. म्हणून इथे तयार झालेलं पोरगं एक-दोन टप्प्यांपलीकडे चेंडू जमिनीवर मारतच नाही. मिळाला की द्यायचा, दिला की पळायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत सिमेंटच्या कोर्टवर गेल्यावर शहरातली पोरं पायांतून चेंडू काढून दाखवतात आणि आमचे प्रेक्षकही टाळ्या वाजवतात. आमच्या पोरांचा सरळ पास कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण प्रेस लागला, दोघे अंगावर आले, की मधली रेषा ओलांडून चेंडू पलीकडे कोण नेतं? ज्याला चेंडू जवळ ठेवायची हौस नाही तोच. पेसर्सला "साधा" संघ म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच मैदानाकडे बघावं.

साधा म्हणण्यामागचा खरा आक्षेप असा की त्यांच्याकडे तारा नाही. हॅलिबर्टनची सरासरी १८.६ गुणांची. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच निनावी मतदानात "योग्यतेपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला खेळाडू" म्हणून त्यालाच सर्वाधिक मतं पडली. आणि समोर कोण, तर ३२.७ च्या सरासरीचा लीगमधला अव्वल गुणवीर. हा आक्षेप मी झटकत नाही. एनबीएचा इतिहास मोठ्या प्रमाणात ताऱ्यांचाच इतिहास आहे. जॉर्डन, शॅक, लेब्रॉन यांना बाजूला ठेवून विजेत्यांची यादी वाचता येत नाही. तरी त्या यादीत २००४ आहे. शॅक, कोबी, कार्ल मलोन, गॅरी पेटन अशा चार दिग्गजांच्या लेकर्सना डेट्रॉइटनं ४-१ असं उडवलं, आणि डेट्रॉइटकडे त्या वर्षी चौघांच्या तोडीचा एकही नव्हता. त्या यादीत २०११ आहे. लेब्रॉन, वेड, बॉश हे त्रिकूट घेऊन आलेल्या मायामीला डॅलसनं सहा सामन्यांत हरवलं. डॅलसकडे डर्क नोवित्स्की होता, पण त्रिकुटापुढे त्याला एकटाच समजलं गेलं होतं. डॅलसचा प्रशिक्षक कोण होता? रिक कार्लाइल. आज पेसर्सच्या बाकावर उभा आहे तोच. समोरच्या बलाढ्य संघाचा एक-एक खिळा सैल कसा करायचा हे त्यानं एकदा करून दाखवलेलं आहे, ही गोष्ट अडुसष्टच्या आकड्यात कुठे नोंदवणार?

आणि गंमत अशी की तारा विकूनच हे दोन्ही संघ उभे राहिलेत, तोही एकच तारा. २०१७ मध्ये पेसर्सनं पॉल जॉर्ज ओक्लाहोमाला दिला. बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस सबोनिस आले. २०२२ मध्ये सबोनिस देऊन हॅलिबर्टन आणला. इकडे ओक्लाहोमानं २०१९ मध्ये तोच पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला आणि गिलजस-अलेक्झांडर घेतला, वर ड्राफ्टमधून नवे खेळाडू निवडण्याच्या संधींचं गाठोडं. त्यातल्याच एका संधीतून जेलन विल्यम्स आला. पॉल जॉर्जला स्वतःला अजून विजेतेपद मिळालेलं नाही.

राहिला तिसरा गट, ज्याच्यावर माझा खरा राग आहे. मोठी शहरं नाहीत, म्हणून मालिका फिकी. टीव्हीवर जाहिरात विकणाऱ्या माणसानं हे म्हटलं तर मी समजू शकतो. न्यूयॉर्कच्या घराघरांत टीव्ही लागतो तेव्हा त्याचे पैसे होतात, आणि या लीगमधल्या सगळ्या खेळाडूंचे पगार शेवटी त्याच पैशातून येतात. त्याचा आक्षेप खोटा नाही, फक्त तो धंद्याचा आहे. पण घाटंजी-दारव्ह्याकडचा माणूस हे कुठल्या तोंडानं म्हणतो? विदर्भाचा क्रिकेट संघ साठ वर्षं रणजीत नुसता हजेरी लावत होता. मुंबई-दिल्लीच्या संघांना आपण गुण वाढवायला उपयोगी. मग १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये ऋषभ पंतच्या दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून पहिल्यांदा करंडक आला. कप्तान फैज फझल, अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक. तुक्का लागला म्हणणारे तेव्हाही होतेच. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो पुन्हा जिंकला; आदित्य सरवटेनं त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. यंदा तिसऱ्यांदा, उपांत्य सामन्यात मुंबईला पाडून. हर्ष दुबेनं हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. यातला एक तरी खेळाडू तेव्हा देशभर पोस्टरवर होता का? प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त, वसीम जाफरसारखा अनुभवी माणूस बाहेरून आणणं आणि वर्षानुवर्षं चालवलेली अकादमी, यातून तो संघ झाला. मुंबईच्या वर्तमानपत्रात विदर्भाच्या बातमीला आतलं पान मिळालं की आपण चिडतो, आणि इंडियानापोलिसला मात्र आपणच आतल्या पानावर ढकलतो.

शिवाय पेसर्स आपल्याला तितके परकेही नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात खेळले, मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये, तेव्हा आलेल्या दोन संघांपैकी एक सॅक्रामेंटो होता आणि दुसरा हाच. माइल्स टर्नर तेव्हाही त्यांच्यात होता, २०२५ च्या या हंगामातही आहे.

मग एवढं सगळं पेसर्सच्या बाजूनं मांडून मी थंडरच का म्हणतो? कारण चेंडू सांभाळण्याची पेसर्सची सवय आजवर ज्यांच्यासमोर टिकली, त्यांच्यापैकी कुणाकडेही चेंडूवर सोडायला पाच-सहा ताज्या दमाचे रखवालदार नव्हते. न्यूयॉर्कचे पहिले पाच खेळाडू दमले, कारण बाकावर भरवशाचे दोन-तीनच. थंडरचा बाक पेसर्सइतकाच लांब आहे. पळवून थकवण्याचा डाव इथे चालेल, पण अर्धाच. गिलजस-अलेक्झांडरला अडवायला अँड्र्यू नेमहार्ड येईल. दोघेही कॅनडाचे, एकमेकांना ओळखून आहेत, आणि नेमहार्डइतका चिवट माणूस पेसर्सकडे दुसरा नाही. तो एमव्हीपीला पस्तीस गुणांवरून अठ्ठावीसवर आणू शकेल. दुसऱ्या टोकाला हॅलिबर्टनला मात्र एका डॉर्टपासून सुटून लगेच करूसोच्या हातात जायचं आहे, मग वॉलेसच्या, आणि हे अठ्ठेचाळीस मिनिटं.

थंडरची दुखरी बाजू वेगळी आहे. इतक्या मोठ्या फरकानं जिंकणाऱ्या संघाला अटीतटीचा शेवट खेळायची वेळच फारशी येत नाही. डेन्व्हरविरुद्ध पहिला सामना घरच्या मैदानावर होता आणि जवळजवळ जिंकलेला होता. शेवटच्या तीन सेकंदांत गॉर्डनच्या थ्रीनं तो गेला. तिसरा जादा वेळेत गेला. शेवटच्या दोन मिनिटांत फरक पाचच्या आत असेल, तर मी आजही पेसर्सकडे झुकेन. असे दोन-तीन शेवट या मालिकेत येतील, आणि म्हणून तिला सात सामने लागतील असं मला वाटतं. सातवा ओक्लाहोमात होईल, जिथे या प्लेऑफमध्ये थंडर नऊपैकी एकच सामना हरलाय.

शुक्रवारी मी गुणांकडे नंतर बघेन, आधी पहिल्या क्वार्टरमध्ये पेसर्सचे टर्नओव्हर मोजेन. सहा-सात झाले तर सातऐवजी पाच सामने असं म्हणायला मी तयार आहे. दोनच झाले, तर नशीबवाल्यांनी दुसरं काही कारण शोधून ठेवावं.